देऊळ की वेस? रोमन ब्राँझ नाणी ओळखताना

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

दिवसा कोड लिहितो, रात्री भिंगाखाली नाणी बघतो. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक रोमन ब्राँझ नाणं घेतलं, अडीच हजारांना. विकणारा म्हणाला, "देवळाचं नाणं आहे, तेरच्या शेतात सापडलंय." मी खूश! तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव आणि तेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणसोबत तगरचंही नाव येतं.

सोलापुरात एका मित्राला नाणं दाखवलं. तो बांधकामातला माणूस. भिंगातून बघून म्हणाला, "बे, देऊळ कुठाय? ही तर वेस हाय की!"

बरोबर होतं त्याचं. फरक असा ओळखायचा.

देऊळ : उभे खांब, वर त्रिकोणी छप्पर आणि बहुतेकदा आत मूर्ती. मॅक्सेन्शियसची (३०६ ते ३१२) नाणी बघा. खांबांच्या मधे रोमा देवी बसलेली असते. भोवतीच्या अक्षरांचा अर्थ 'आपल्या नगरीचा रक्षक'. रोममधलं व्हीनस आणि रोमा यांचं देऊळ जळालं होतं, ते त्यानंच पुन्हा बांधून घेतलं.

वेस : खांब नाहीत. दगडी चिऱ्यांचे थर, मधे दार, वर बहुधा दोन बुरूज आणि त्यांच्यामधे तारा. ही कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची नाणी, साधारण ३२४ ते ३३०. आकारानं आपल्या हल्लीच्या एक रुपयापेक्षाही लहान. काही अभ्यासक या इमारतीला टेहळणीचा बुरूज मानतात, पण देऊळ नक्की नाही.

मग खालच्या आडव्या रेघेखाली बघा. तिथं टांकसाळीची खूण असते. माझ्या नाण्यावर 'एसएमएएनटी' होतं, म्हणजे अँटिओक. आणि हो, नाणं चिंच-लिंबानं घासू नका. हिरवट थर गेला की अक्षरंही जातात.

नाणं खरं निघालं. मग 'तेर'चं काय? सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला रोमन सोन्याची नाणी सापडल्याची जुनी नोंद आहे. पण अशी उत्तरकालीन ब्राँझ नाणी भारतात मुख्यतः तमिळनाडूत सापडतात, आणि पलीकडे श्रीलंकेत. म्हणून विक्रेत्याला विचारलं, कुठलं शेत? कधी सापडलं? फोटो? उत्तर आलं नाही.

इथं खरी गोम आहे. गोष्ट खोटी असेल, तर तेरच्या इतिहासात मी एक खोटी नोंद घुसवणार. खरी असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ऐवज आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. म्हणजे दोन्हीकडून मीच अडकलो.

माझ्या एक्सेल शीटमध्ये 'सापडल्याचं ठिकाण' असा कॉलम आहे. तिथं हौसेनं 'तेर' लिहिलं होतं. ते खोडून 'अज्ञात' केलं. जीवावर आलं, खरं सांगतो.

तेरची खरी ओळख हवी असेल, तर तिथलं लामतुरे संग्रहालय बघून या. आणि तुमच्या घरात जुनं नाणं असेल, तर किंमत विचारायच्या आधी आजोबांना विचारा, कुठं सापडलं होतं. उत्तर लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!