सुतारकाम सगळ्याच मुलांना हवे

मुलांच्या हाती करवत आणि रंधा द्यावा का, हा प्रश्न नगर जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपले ठाणे केले. त्या शतकाच्या अखेरीस मिशनच्या हायस्कूलला जोडून मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक कलाशाळा तिथे उभी राहिली. तिच्यामागे रेव्हरंड जेम्स स्मिथ यांचा पुढाकार होता. पुढे 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झालेली मुले मोठ्या संख्येने मिशनच्या आश्रयाला आली आणि त्यांना पोट भरण्याजोगे काम शिकवणे तातडीचे होऊन बसले. गावगाड्यात सुताराची हत्यारे सुताराच्याच मुलाकडे जात. ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते त्या घरांतली मुले मिशनच्या शाळेत हे काम शिकू शकली, ही गोष्ट लहान नव्हती. पण तिच्या मुळाशी एक समजूत होती, आणि ती अजून आपल्या मनातून गेलेली नाही. ती अशी, की हातकाम शिकायचे ते ज्याला लवकर कमवावे लागणार आहे त्याने. आजही सुतारकाम म्हटले की आईवडिलांना दहावीत मागे पडलेल्या मुलाची आयटीआयमधली सोय आठवते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जे मूल पुढे कधीच सुतार होणार नाही, त्यालाही हा तास हवा.

लाकूड काय शिकवते ते पाहा. चार पट्ट्या कापून एक साधी चौकट करायची आहे. समोरासमोरच्या बाजू बरोबर मापाच्या असल्या, तरी चौकट तिरकी होऊ शकते. म्हणून सुतार गुण्या लावतो आणि दोन्ही कर्ण मोजून बघतो. ते सारखे भरले तरच कोपरे काटकोनी. आयताचे कर्ण समान असतात हे विधान आपली मुले पाठ करून गुण मिळवतात. पण ते सिद्ध का करायचे हे त्यांना कळते ते दोन कर्णांत पाच मिलिमीटरचा फरक निघाल्यावर. हीच गोष्ट विज्ञानाची. लाकूड ओल शोषून फुगते आणि सुकल्यावर आक्रसते, तेही आडव्या अंगाने जास्त आणि लांबीत जवळजवळ नाहीच. जून ते सप्टेंबर दारे अडकतात आणि उन्हाळ्यात मोकळी होतात, त्यामागचे हे कारण. रेषेच्या उलट रंधा मारला की कपचे निघतात आणि बाभळीच्या गाठीवर करवत अडते. इथे चूक दाखवायला शिक्षकाची लाल शाई लागत नाही. चूक मुलाच्या डोळ्यांसमोर असते आणि ती दुरुस्त करण्याची वाटही त्यालाच शोधावी लागते. शाळेच्या दुसऱ्या कुठल्या तासाला इतका प्रामाणिक परीक्षक लाभतो, असे मला वाटत नाही.

सगळ्यांसाठी हातकाम हा विचार नवा नाही. फिनलंडमध्ये 1866 च्या शाळाविषयक नियमांत शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेउस यांनी ग्रामीण शाळांतल्या मुलग्यांना हस्तकाम सक्तीचे केले, गरिबांपुरते नव्हे. स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी नेस इथे त्यानंतर या कामाचे शिक्षक तयार केले. त्यांचा आग्रह होता की हेतू कारागीर घडवण्याचा नसून मूल घडवण्याचा आहे. आपल्याकडे हा विचार ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. त्या परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यात सूतकताईबरोबर सुतारकामही होते. पण मुलांच्या मालातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा तिथे येऊन चिकटली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांसारख्यांनी त्याच वेळी आक्षेप घेतला. कमाईपुढे शिकण्याचा बळी जाण्याचा धोका खुद्द समितीनेही बोलून दाखवला होता. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मुलाने केलेले स्टूल विकून शाळेचा हिशोब जुळवायचा असेल, तर शिक्षक त्याला नवीन जोड करून बघू देणार नाही. जमलेले तेच पुन्हा करायला लावेल.

त्याहून गंभीर आक्षेप जातीचा आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि इतरांनी तिला कडाडून विरोध केला आणि 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. विरोधकांचे बरोबरच होते, कारण त्या योजनेने मुलाला बापाच्या कामाशी बांधले असते. पण त्यातून शाळेत हातकाम नको असे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की ते घरच्या धंद्यानुसार वाटू नये. कुळकर्ण्याचा, कांबळ्यांचा आणि सुताराचा मुलगा, आणि त्यांच्या बहिणीसुद्धा, एकाच बाकावर काम करतील तेव्हाच हा तास न्यायाचा होईल. मुलींबाबत हे स्पष्ट सांगावे लागते. मुलग्यांना रंधा आणि मुलींना शिवणकाम ही वाटणी सिग्नेउस यांच्या फिनलंडमध्येही होतीच.

हात कापेल, ही भीती खोटी नाही. पण वाईसमध्ये पक्के धरलेले लाकूड, धार लावलेली पटाशी आणि धारेच्या पुढे कधीच हात न ठेवण्याची सवय यांनी ती बरीच कमी होते. बोथट हत्यार जास्त घातक, कारण त्याला जोर लावावा लागतो. विजेची करवत मात्र लहान मुलांना नकोच.

अभ्यासाचा वेळ जाईल म्हणणाऱ्यांनी पाबळकडे बघावे. पारनेरच्या शेजारी, शिरूर तालुक्यात डॉ. एस. एस. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामातून शिकावे, हा त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्याच्या बोर्डाने स्वीकारला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकण्याची तरतूद आहे. तिचे स्वागत करतानाच सांगायला हवे की दहा दिवसांत करवत धरता येते, चुकलेली चौकट सोडवून पुन्हा जोडता येत नाही. त्याला वर्षभर आठवड्याचे दोन जोडतास हवेत. छाटलेल्या बाभळी-कडुनिंबाच्या फांद्या आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांत पडून राहणाऱ्या पॅकिंगच्या फळ्या एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मोठा खर्च शिकवणाऱ्याचा आहे आणि तो टाळू नये. गावातल्या सुताराला पाहुणा म्हणून एक दिवस बोलावून नारळ देण्याऐवजी तासाचे मानधन द्यावे आणि वेळापत्रकावर इतर शिक्षकांच्या बरोबरीने त्याचे नाव लिहावे.