फळी, वर्ख आणि पाच नद्यांची माती

मिक्स्ड मीडिया म्हणजे नेमकं काय आणि फौजेतल्या माणसाला त्यात काय सुचतं, असं मला नेहमी विचारतात. तर आधी फौजेतलंच सांगतो. मोहिमेपूर्वी आम्ही जमिनीवर सँड मॉडेल करतो. वाळूचे डोंगर, निळ्या पुडीची नदी, लोकरीच्या धाग्याचे रस्ते, लाकडाच्या भुशाचं जंगल. एका चित्रात दोन-चार वेगळ्या वस्तू एकत्र नांदल्या की झालं मिक्स्ड मीडिया. फरक एवढाच, की त्या मॉडेलवर भरवसा ठेवून जवान रात्री चालत जाणार असतात. नदी अर्धा वीत इकडेतिकडे झालेली चालत नाही. शोभेसाठी काही लावायचं नाही, ही सवय मला तिथे लागली.

आता तिरुवैयारुकडे येऊ. तंजावरहून उत्तरेला साधारण १३ किलोमीटर. वाटेत एकामागून एक पूल लागतात : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. 'ऐयारु' म्हणजे पाच नद्या, 'तिरु' म्हणजे श्री. गावचा देव ऐयारप्पर, म्हणजे आपल्या भाषेत पंचनदीश्वर. देवाचं नावच मुळी नकाशावरून पडलेलं. असं गाव फौजी माणसाला आवडणारच.

या देवळाची एक कथा आहे. सातव्या शतकातले संत अप्पर म्हातारपणी कैलासदर्शनाला निघाले. पाय चालेनात तेव्हा सरपटत निघाले. अखेर देवाज्ञेने एका तळ्यात बुडी मारली आणि वर आले ते तिरुवैयारुला. तिथे त्यांना दिसलं काय? हत्ती-हत्तीण आणि पक्ष्यांच्या जोड्या. त्या साध्या जोड्यांतच त्यांना शिव-शक्ती दिसली आणि कैलास तिथेच भेटला. श्रद्धा आणि निसर्ग यांतून प्रेरणा कशी घ्यावी, असं कुणी विचारलं तर मी ही कथा सांगतो.

याच गावात त्यागराज (१७६७–१८४७) राहिले. कावेरीकाठी त्यांची समाधी आहे आणि पौष वद्य पंचमीला तिथे आराधना होते. भावाने रागाने त्यांच्या राममूर्ती कावेरीत फेकल्या आणि त्या त्यांना पुन्हा नदीतच सापडल्या, असं सांगतात. पुढे त्यांनी त्या नदीच्या वाहण्यावरच कीर्तन रचलं.

पण चित्राचं काय? तंजावर शैली भोसल्यांच्या काळात बहरली. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत हे राज्य मराठ्यांचं होतं. या चित्राला तमिळमध्ये 'पलगै पडम' म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र. पूर्वी फळी फणसाची असे, आता बहुधा प्लायवुड. फळीवर सुती कापड चिकटवायचं. त्यावर खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ किंवा डिंक यांचे थर द्यायचे, वाळले की घोटून गुळगुळीत करायचे. मग रेखाटन. दागिने, महिरप, सिंहासन जिथे असेल तिथे चुना-डिंकाच्या लगद्याने उठाव द्यायचा, काचेचे खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख दाबायचा आणि शेवटी रंग भरायचे. बघणाऱ्याला सोनं आणि लोणी खाणारा बाळकृष्ण दिसतो. पण सोन्याखाली काय आहे ते मोजा : फणस, कापूस, चिंच, चुना. निसर्ग चित्रात काढलेला नाही, चित्र त्याच्यावर उभं आहे.

याच दरबाराची दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी आपल्या चितारींकडून पशुपक्ष्यांचीही चित्रं काढून घेतली. पीस आणि चोच नीट निरखून काढलेली, वर्ख नाही की खडा नाही. त्यांतला एक संग्रह त्यांनी बेंजामिन टोरिन या इंग्रज रेसिडेंटला दिला, तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे एकाच राजाच्या पदरी देवाची फळी होती आणि पक्ष्याचा कागदही होता. या दोहोंना एकाच चित्रात बसवता येईल का, हा प्रश्न मला काही वर्षं सोडत नाही. अप्परांना ते जमलं होतं, पण ते संत होते.

मी काय केलं ते सांगतो. आमच्या घरी खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, त्यांचीच पूजा. ना मुखवटे, ना शालू. वाटलं, तंजावर चित्रात काचेचे खडे बसवतात, तिथे आपण पाच नद्यांचे पाच खडे बसवू. रिक्षा करून पुलापुलाशी उतरलो. एकही खडा मिळाला नाही! नकाशा वाचण्यात हयात गेली, तरी डोक्यात आलं नाही, की हा त्रिभुज प्रदेश आहे. इथे पोचेपर्यंत नदीने दगडाचं पीठ करून टाकलेलं असतं. मिळते ती वाळू आणि गाळ.

मग चिमूट-चिमूट माती पाच कागदी पुड्यांत बांधून आणली. चिंचोक्याची खळ घरी शिजवली, खडूबरोबर एकेक चिमूट मिसळून पाच पट्टे लिंपले. पहिली फळी पावसाळ्यात बुरशीने गेली. आमच्याकडच्या बुकबाइंडरने विचारलं, "साहेब, खळीत मोरचूद नाही घातला?" नव्हता घातला. दुसऱ्या फळीला घातला, ती टिकली आहे.

वर्खाचा प्रश्न मात्र अवघड निघाला. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, तिथल्या बायका कावेरीला फुलं, ताडपत्राची कर्णफुलं आणि काळे मणी वाहतात, हळदीचे दोरे बांधतात. गरोदर लेकीला माहेरी बोलवावं तशी त्या नदीची ओटी भरतात. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाने १२ जूनला सुटतं. पण पाऊस दगा देतो तेव्हा पात्र कोरडं असतं, आणि तीच पूजा बोअरच्या पाण्यावर उरकावी लागते. मग माझ्या पाच पट्ट्यांना सोनं लावायचं ते पाणी असलेल्या नदीचं म्हणून, की नसलेल्या? सोनं लावलं तर नदी कायम भरलेलीच दिसणार. आमच्या सँड मॉडेलवर कोरड्या नाल्याला निळी पूड घातली असती, तर मला कमांडिंग ऑफिसरने उभं केलं असतं.

सध्या चार पट्टे उघडे ठेवलेत. कावेरीच्या पट्ट्यावर वर्खाची एक बारीक रेघ आहे, मधे दोन ठिकाणी तुटलेली. ताडपत्राचं एक कर्णफूल आणि काळे मणी तिथल्या बाजारातून आणलेत. ते कुठे बसवायचे हे अजून ठरत नाही. फळी भिंतीला टेकून उभी आहे.