तिथी पाहून काढलेली सहल

पनवेलमध्ये थंडी पडू लागली की एक दिवसाच्या सहलींच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. ‘अलिबाग-नागाव-काशीद, सोबत गाइड, नाश्ता आणि घरगुती जेवण, सकाळी सातला एसटी स्टँडसमोरून.’ जेवणात सुरमई की चिकन, बस एसी की साधी, बनाना राइडचे पैसे धरून की वेगळे, सगळं लिहिलेलं असतं. नसते ती एकच गोष्ट, त्या दिवशी ओहोटी किती वाजता. वर फोटो असतो निळ्याशार पाण्याचा आणि पांढऱ्या वाळूचा. तो बहुधा लक्षद्वीपचा असतो, नाहीतर मालदीवचा.

तसं पाणी आपल्याकडे का नाही, याचं उत्तर सह्याद्रीत आहे. लक्षद्वीपची उथळ, शांत तळी प्रवाळांनी घडवलेली आहेत. समुद्रातला डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने प्रवाळांचं कडं वर वाढत राहतं आणि मध्ये उथळ पाणी उरतं, असा सिद्धांत चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये मांडला. त्याचा गाभा आजही टिकून आहे. पण प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो आणि प्रकाशाला नितळ पाणी. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या पावसाळ्याचे चार महिने घाटातला गाळ समुद्रात ओतत असतात. त्यातून मुंबई-रायगडचं पाणी गढूळ राहतं. प्रवाळ इथे अजिबात नाहीत असं मात्र नाही. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती 2020 मध्ये उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या होत्या. पण त्या गढुळात तग धरून राहणाऱ्या जाती, खडकाला चिकटलेल्या. त्यांची तळी होत नाहीत.

लक्षद्वीपला न मिळणारी एक गोष्ट मात्र आपल्या वाट्याला भरपूर आली आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दीड मीटरचा. केरळात तो मीटरभर, गोव्यात दोन मीटरच्या आसपास, मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवसांत चार ते पाच मीटर आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहाच्याही वर. मुंबईसमोर समुद्राखालचा उथळ पठारी भाग शेकडो किलोमीटर रुंद आहे आणि उत्तरेला आखाताचा आकार नरसाळ्यासारखा निमुळता होत गेला आहे. भरतीची लाट या उथळ भागावर चढली की फुगते. त्यामुळे आपल्याकडे दिवसातून दोनदा समुद्राचा तळ उघडा पडतो. प्रवाळी तळ्यात डोकं बुडवून जे पाहायचं, ते इथे चप्पल हातात घेऊन चालत पाहता येतं. अट एवढीच की वेळ साधली पाहिजे.

ती साधायला ॲप लागत नाही. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. त्यातली पाऊणकी किनाऱ्यावर अजून चालते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी.

यामागचं गणित सुंदर आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी पुढे सरकते. पृथ्वीला 12 अंश फिरायला 48 मिनिटं लागतात. म्हणजे दर तिथीला चंद्र सरासरी 48 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्या मागोमाग भरतीही तेवढीच मागे पडते. खरा गुणक पाऊण नाही, चार पंचमांश आहे. दर तिथीला तीन मिनिटांची ही कसर साठत जाते, म्हणून पाऊणकी पौर्णिमेला सव्वाअकरा सांगते, तर भरती येते बाराच्या सुमारास. शिवाय चंद्राच्या ओढीत सूर्याची ओढ मिसळलेली असल्यामुळे रोजचा उशीरही सारखा नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे तो 48 मिनिटांहून कमी असतो आणि अष्टमीच्या आसपास तासाच्या वर जातो. इतक्या भानगडीत तोंडी हिशेबाने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत उत्तर द्यावं, हे कौतुकाचंच. मात्र हा ठोकताळा आपल्याच किनाऱ्याचा. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते ती इथे. दुसऱ्या बंदरात ती भलत्याच वेळी येईल आणि तिथे पाऊणकी तोंडावर पाडेल.

मिनिटांपर्यंत अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं आहेत. मुंबईत अपोलो बंदरला भरतीची पातळी 1878 पासून नोंदली जाते. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. भारतीय बंदरांच्या भरत्यांचं भाकीत करायला 1879 मध्ये इंग्लंडात खास एक यंत्र बनवलं होतं. त्याची चाकं आणि कप्प्या फिरवून वर्षभराच्या भरतीच्या वेळा काढल्या जात. आज तेच काम फोन क्षणात करतो आणि तरीही सहलीच्या जाहिरातीत ती वेळ नसते.

आता हा हिशेब सहलीला लावू. पौर्णिमा आणि अमावास्येला, म्हणजे उधाणाला, समुद्र सर्वांत दूर जातो. पण ती ओहोटी असते सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सातला पनवेलहून निघालेली बस नाश्ता आटोपून साडेदहाला किनाऱ्यावर पोचते, तेव्हा पाणी सुरूच्या झाडांकडे सरकत असतं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, अगदी सोयीची; पण ती भांगाची. पाणी धड आत जात नाही की धड बाहेर येत नाही. मधला मार्ग द्वितीया-तृतीयेचा. उधाणाचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो, नव्हे तो तेव्हाच सर्वांत जास्त असतो. तृतीयेची ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. पहाटे पाचला पनवेल सोडलं की कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, पोयनाड करत सव्वासातपर्यंत अलिबागच्या दक्षिणेला आक्षीला पोचता येतं आणि उतरत्या पाण्याबरोबर चालायला सुरुवात करता येते. रविवारी तृतीया येईलच असं नाही. तेव्हा रजा टाकावी, हा माझा सल्ला.

उतरत्या पाण्याबरोबर चालणं महत्त्वाचं, कारण ओल्या वाळूवरचं काम पाणी हटताक्षणी सुरू होतं. पावलाच्या रुंदीएवढ्या जागेत नजर रोवून उभं राहा, हलू नका. मिनिटभरात वाळूतलं एक छोटंसं भोक उघडतं आणि नखाएवढा खेकडा बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी ओली वाळू तोंडात भरतो, कणांवर चिकटलेली सूक्ष्म शेवाळं आणि कुजकट चाटूनपुसून घेतो आणि स्वच्छ झालेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. गोळी मोहरीपेक्षा थोडी मोठी. एक पाऊल पुढे, पुन्हा गोळी. भोकापासून सरळ रेषेत जातो आणि धोका वाटला की त्याच रेषेने धूम परत. रेषा संपली की शेजारची दुसरी. तासाभरात बिळाभोवती गोळ्यांची किरणं उमटतात आणि पुढे सगळा किनारा त्यांनी भरून जातो. भरती परत यायच्या आधी खेकडा आत शिरून वरून वाळूचं बूच लावतो. बिळात हवेचा फुगा अडकतो आणि त्यावर तो पुढचे तास काढतो. दुपारी पोचणाऱ्या पर्यटकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते सपाट वाळू आणि घोडागाडी.

त्याच वाळूत चुंबक फिरवून पाहा. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर नंतर पुसता पुसता दिवस जाईल. पिशवीला काळे कण मिशीसारखे उभे राहून चिकटतात. ते मॅग्नेटाइटचे. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्यांमधून इथे आला त्याची ही खूण. मधले पांढुरके तुकडे शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याचे. अर्धा किनारा डोंगराचा, अर्धा जिवांचा.

खडकाळ भागात कालवं फोडणाऱ्या बायका भेटतील. त्यांच्याशी दोन शब्द बोलावे, कामात अडवू नये. कोणता खडक किती वाजता उघडा पडतो आणि कुठल्या चिखलात पाय रुततो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मला विचाराल तर सहलीला खरा गाइड तोच, जो यांच्या घरातला आहे.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, म्हणून तिथे दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं. याचंही कारण हिशेबात आहे. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दींचा बाराव्या हिश्शाचा ठोकताळा असा: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चार मीटरचा फरक असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी प्रत्येकी मीटरभर चढतं. पहिल्या तासात जेमतेम वीतभर-दीड वीत वाढलेलं पाहून माणूस किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी निवांत बसतो आणि उठतो तेव्हा वाट कमरेएवढ्या पाण्याखाली असते. ओहोटीची वेळ टळली की परत फिरायचं, गप्पा किनाऱ्यावर मारायच्या.

किनाऱ्याजवळच अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. तिच्याबद्दल पनवेलकरांना थोडा अभिमान असायला हरकत नाही, कारण ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलमध्ये आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत कुलाब्याला होत होती, 1841 पासून. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळाची तिथली नोंद जगभरचे शास्त्रज्ञ आजही वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्या विजेने काटे बिघडणार हे ओळखून तिथले प्रमुख नानाभाई मूस यांनी मोजणी अलिबागला हलवली. नोंदींची साखळी तुटू नये म्हणून 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं. शहराच्या गडबडीला कंटाळून अलिबाग गाठणाऱ्यांत विज्ञानही होतं म्हणायचं.

साडेदहाला परत निघायचं. हा सहलीचा उत्तरार्ध आणि तो कुणी करत नाही. सकाळी ओहोटी पाहिली, तर दुपारी सव्वादोन-अडीचला भरती नेरुळला पाहायची. खाडीत आत ती थोडी उशिरा चढते, त्यामुळे वाटेत वडखळला जेवायला वेळ मिळतो. मोसम नोव्हेंबर ते मे, फ्लेमिंगोंचा.

फ्लेमिंगोंचंही घड्याळ भरतीचंच. ओहोटीला ते ठाण्याच्या खाडीतल्या उघड्या चिखलावर चरतात. चोच उलटी पाण्यात घालून, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलून सूक्ष्म शेवाळं गाळून घेतात. त्यांचा गुलाबी रंग त्या शेवाळांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. शहरांचं सांडपाणी खाडीत जातं आणि शेवाळाला खत मिळतं, ही त्यातली अवघड बाजू. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजण्यांत इथल्या फ्लेमिंगोंचा आकडा लाखाच्या पुढे गेलेला आहे. खाडीचा काही भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आला. वनविभागाच्या ऐरोलीच्या केंद्रातून फेरी बोटी सुटतात आणि त्यांच्या वेळा रोज भरतीप्रमाणे बदलतात. सहल कंपन्यांनी शिकावं ते इथून.

पण चिखल सहा तास पाण्याखाली गेला की एवढे पक्षी जातात कुठे? नेरुळ-सीवूड्सच्या खाडीलगतच्या उथळ तळ्यांत, उरणकडच्या पाणथळीत. तिथे एका पायावर उभे राहून पाणी उतरायची वाट पाहतात. उष्ण प्रदेशातलं समुद्रालगतचं शांत, उथळ तळं पाहायचं म्हणून जो पनवेलकर विमानाचं तिकीट काढतो, त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर हे आहे. काठाला तिवरं उभी असतात. एखादं पान चाटून पाहा, खारट लागेल. मुळांतून आलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

ही तळी जिवंत राहतात ती खाडीचं पाणी नाल्यांतून आत-बाहेर होतं म्हणून. नाला बुजला की तळं आटतं, तळ्यावर शेवाळाचा जाड थर धरतो आणि पक्षी येईनासे होतात. अभयारण्याची हद्द खाडीपुरती आहे. यातली बरीच तळी तिच्या बाहेर आहेत आणि त्यांच्या चहूबाजूंनी बांधकाम चालू आहे. खाडीतला चिखल कितीही जपला, तरी भरतीच्या वेळी बसायला जागा नसेल तर त्याचा फ्लेमिंगोंना उपयोग नाही. पुढच्या सहलीचे पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन प्रश्न विचारा: ओहोटीला आपण कुठे असणार आणि भरतीला कुठे. उत्तर आलं नाही, तर कालनिर्णय उघडून तृतीया शोधा आणि चार मित्र मिळून आपली आपण गाडी करा.