कार्ड देवघरात ठेवू नका

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक 22 वर्षांची आहे. वय वाढलं, समज मात्र लहान मुलीचीच राहिली. मुरबाडहून एसटीनं कल्याण, तिथून लोकलनं ठाणे, अशा तीन चकरा मारून ताईंनी तिचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळवलं. मग ते लॅमिनेट करून देवघरात ठेवलं. दोन वर्षं तिथंच होतं. "कार्ड आलंय ना, आता पैसे येतीलच खात्यात," असं त्या म्हणायच्या. आम्हालाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोला.

पैसे आपोआप येत नाहीत. कार्ड ही फक्त किल्ली आहे. दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दारात अर्ज वेगळा करावा लागतो.

आधी कार्डाबद्दल. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, त्याआधी सातच होते. म्हणजे डोळे, कान, हातपाय एवढ्यावर हे थांबत नाही. आदिवासी पाड्यांवर जास्त दिसणारा सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, दीर्घकाळचा मानसिक आजारही आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रात भरून देतात. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचं काम 2023 मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं, म्हणून निघण्याआधी जागा आणि तपासणीचा वार विचारून घ्या. एक चकर वाया गेली की एका दिवसाची मजुरी गेली. कार्डाचा रंगही बघा: 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 80 पर्यंत पिवळा, त्यावर निळा. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के लागतात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत आजच वाचा.

पहिलं दार तहसील कचेरीचं, संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेचं. वय 18 ते 65, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत आणि राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य हवं. दिव्यांगांना यात महिना 1,500 मिळायचे, ते ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाले. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, म्हणून खातं लेकीच्या नावाचं आणि आधार जोडलेलं हवं. हयातीचा दाखलाही वेळेवर द्या, तो राहिला की हप्ता अडकतो. ताईंची दोन वर्षं गेली ती गेलीच, कारण पैसे अर्ज मंजूर झाल्यावरच सुरू होतात.

दुसरं दार आपल्या गावातलंच, आणि तेच सगळ्यांना कमी माहीत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. महापालिकेनंही. इथं कल्याण-डोंबिवलीजवळच्या बायकांनी जरा कान द्या. 2015 मध्ये 27 गावं महापालिकेत घेतली, त्यातल्या 18 गावांना परत वेगळं करायचा निर्णय 2020 मध्ये झाला, आणि तो न्यायालयात टिकला नाही. या गोंधळात "तुमचं आमच्याकडे नाही" हे उत्तर फार ऐकायला मिळतं. तुम्ही घरपट्टी कुठं भरता ती पावती दाखवा, अर्ज तिथंच द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

गावातल्या बायकांनी हा प्रश्न ग्रामसभेत काढायचा. 5 टक्क्यांचे किती रुपये झाले आणि कुणावर खर्च केले, एवढंच विचारायचं. एकटीनं उभं राहायला धीर होत नाही, म्हणून गटानं एकत्र बसावं. आम्ही सहाजणी बसलो तेव्हा ग्रामसेवकांनी वही काढली.

एसटीचं तिकीट 75 टक्के कमी होतं, आणि दिव्यांगत्व 65 टक्क्यांवर असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं. मुरबाडकरांना ही बचत छोटी नाही.

एक गोष्ट आया विचारायला घाबरतात, आपल्या पश्चात काय? बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेलं मूल 18 चं झालं की कायद्यानं सज्ञान होतं. त्यानंतर त्याच्या वतीनं आईची सही आपोआप चालत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो, ती समिती कलेक्टर कचेरीशी जोडलेली असते. याच न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा. ताई पुढच्या सोमवारी ठाण्याला चालल्यात, पालकत्वाच्या अर्जासाठीच. या वेळी आमच्यातल्या दोघी सोबत आहेत.