आमचा काही खातच नाही!

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसा. ‘आमचा काही खातच नाही हो’ हे वाक्य ताप-खोकल्याइतकंच कानावर पडेल. बोलणारी आई थकलेली असते, शेजारी आजी मान डोलावत असते आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो तीन वर्षांचा इसम बाकावरून उड्या मारत असतो. न खाता एवढ्या उड्या कशाच्या जोरावर, हे कुणीच विचारत नाही.

यामागचा हिशेब साधा आहे. जन्मताना साधारण ३ किलोचं बाळ वर्षभरात तिप्पट होतं. म्हणजे पहिल्या वर्षात ६ किलो वाढ. दुसऱ्या वर्षी ती अडीच किलोंच्या आसपास येते आणि पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला सुमारे २ किलोच. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. ‘पहिला वाढदिवस झाला आणि दृष्टच लागली’ म्हणतात, ते नेमकं याच सुमारास. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नव्या पदार्थाला नाक मुरडायचा काळ सुरू होतो आणि घराची खात्रीच पटते.

मूल पुरेसं खातं का, हे वाटीवरून ठरत नाही, वाढीच्या आलेखावरून ठरतं. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर हा आलेख असतो. रेघ आपल्या वाटेने वर सरकत असेल, तर मूल शेजारच्या गुटगुटीत बाळापेक्षा बारीक दिसलं तरी काही बिघडलेलं नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र ‘खाईल हळूहळू’ म्हणत बसू नका. वाढ खुंटण्याची भीती खोटी नव्हे: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानाने बुटकी आढळली. त्याच पाहणीत जादा वजनाची मुलं आधीच्या २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेली.

‘ताट संपवल्याशिवाय उठायचं नाही’ ही शिस्त आपल्याकडे संस्कारात मोडते. ती अन्न वाया जाऊ नये म्हणून असेल, तर मुळात कमी वाढावं. पोट भरल्याची जाणीव मुलाला उपजत असते. रोज ती मोडून काढली की पुढे ते ताटाकडे बघून जेवायला शिकतं. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची जी वाटणी सांगितली, ती मला फार पटते. काय द्यायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. अट एवढीच, की ‘कधी’ खरोखर पाळायचं. साडेसहाला अर्धा बिस्किटपुडा पोटात गेलेल्या मुलाला आठला भूक नसली, तर दोष भाकरीचा नाही.

‘भाजी संपव, मग चॉकलेट.’ लालूच त्या दिवसापुरती चालते. लिअन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली बालवाडीतल्या मुलांना केफिर, म्हणजे ताकासारखं आंबवलेलं पेय, दिलं. पिण्याबद्दल ज्यांना बक्षीस किंवा शाबासकी मिळाली, त्यांना ते नंतर आधीपेक्षा कमी आवडलं. नुसतं देऊ केलेल्यांची आवड तशी घटली नाही. मुलं हुशार असतात: ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, हे त्यांना कळतं. गवार ताटाच्या कडेला दोन शेंगा अशी पुन्हापुन्हा यावी, कुणी काही न बोलता. आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर ती तोंडात जाते. आपण तिसऱ्या वेळीच ‘त्याला आवडतच नाही’ असा शिक्का मारतो.

मोबाइल लावला की चार घास जास्त जातात, हे मात्र अगदी खरं आहे. अडचण तीच आहे. लक्ष पडद्यावर असताना पोट भरल्याचं कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाहून जास्त नको.

‘दुधात पावडर हवीच, नाहीतर ताकद कुठून येणार?’ एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. डब्याच्या मागे ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ असते, ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक छोटा चमचा, असं मोजा. नुसतं दूधही दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त झालं, तर पोट त्यानंच भरतं आणि दुधात लोह जवळपास नसतं. सकाळची चहा-चपाती त्यात भर घालते, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत नेमकी उलट काम करते.

साखरेनं मुलं चेकाळतात, हा समज प्रयोगांत टिकलेला नाही. १९९४च्या एका अमेरिकी प्रयोगात सगळ्या मुलांना साखरेविनाच गोड पेय दिलं होतं. ‘साखर दिलीय’ असं ज्या आयांना सांगितलं, त्यांना आपलं मूल जास्त दंगेखोर वाटलं. साखर खरा दगा देते ती दातांना. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ म्हणून तिकडे काणाडोळा होतो. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. आणि गंमत बघा, जेवताना एकेक घास भरवणारे आपण, ब्रश मात्र चौथ्या वर्षीच मुलाच्या हातात देऊन मोकळे होतो. सात-आठ वर्षांपर्यंत त्या हाताला मागच्या दाढांपर्यंत नीट पोचायचं वळण नसतं. रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच फिरवावा, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन. मुलानं फेस थुंकावा, पाण्यानं खळखळून चूळ भरू नये.