विश्लेषण : शेजारी जल्लोष आधी, आपल्या मोबाइलवर शॉट नंतर, असे का होते?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकाराच्या अंतिम फेरीत शेवटी शेवटी एकेका शॉटनंतर एक नेमबाज बाद होतो. अशा वेळी मोबाइलवर पाहणाऱ्याला निकाल शेजारच्या टीव्हीवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच कळतो आणि सगळा थरार निघून जातो.

उशीर का होतो?
डीटीएचचे चित्र उपग्रहावरून सगळ्यांकडे एकाच वेळी, काही सेकंदांत पोहोचते. इंटरनेटवर मात्र प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार होऊन सर्व्हरवर जातो. चित्र अडकू नये म्हणून मोबाइल काही तुकडे साठवूनच दाखवायला सुरुवात करतो. त्यामुळे ‘लाइव्ह’ चित्र अनेकदा अर्धा मिनिट मागे असते.

वेगवान इंटरनेटने फरक पडतो?
चित्र स्वच्छ दिसते, पण ही साठवण राहतेच. मध्येच नेट अडकले, तर उशीर आणखी वाढतो. तेव्हा ‘लाइव्ह’ बटण दाबावे.

मग उपाय काय?
अंतिम फेरीपुरती नोटिफिकेशन्स बंद ठेवा किंवा टीव्ही लावा. ऑलिम्पिकसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचे थेट प्रक्षेपण २००७च्या कायद्यानुसार प्रसार भारतीलाही द्यावे लागते आणि डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही.