हिवाळ्यातील परसबाग

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, आणि त्याच सुमारास घरच्या बागेत वर्षातील सर्वांत सुखाचा काळ सुरू होतो. शेवंती फुलते, गुलाबाला रंग भरतो, मांडवावर वालाच्या शेंगा लोंबू लागतात आणि एवढ्याशा वाफ्यातील मेथी घराला पुरून उरते. कोकणपट्टीतील मंडळींना हिवाळा म्हणजे इतकेच. परंतु इंदूर, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथे घर करून राहिलेल्या मराठी माणसाला त्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. पौषातील एखाद्या सकाळी दार उघडावे, तो वृंदावनातील तुळस काळवंडून गेलेली दिसते.

हे सुख आणि हे दुःख, दोन्ही हिवाळ्याच्या दीर्घ, निरभ्र रात्रीच्या पोटी जन्माला येतात.

शेवंती थंडीमुळे फुलते, असा आपला समज असतो. वास्तविक तिला कळ्या धरतात त्या मुख्यतः रात्र लांबल्यामुळे. दिवसाच्या लांबीवर कित्येक वनस्पतींचा बहर अवलंबून असतो, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दाखवून दिले. शेवंतीची कुंडी रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिली तर तिचा बहर लांबतो, तो याच कारणाने.

तुळशीचे मात्र याच रात्रीशी वैर. ढग म्हणजे धरणीचे पांघरूण. ते नसले आणि वारा पडलेला असला, म्हणजे जमीन आणि झाडे आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतात; पाने तर भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. तुळस ही उष्ण प्रदेशाची लेक. पाणी गोठण्याइतका गारठा पडण्यापूर्वीच तिची पाने काळी पडू लागतात.

उपाय सोपे आहेत. कुंडी असेल तर ती रात्री भिंतीच्या आडोशाला, छपराखाली न्यावी. वृंदावनातील तुळशीवर तिन्हीसांजेला जुने धोतर किंवा गोणपाट घालावे. मात्र ते पानांना न चिकटता थेट जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे, कारण झाडाला ऊब मिळते ती खालच्या मातीची. सकाळी ऊन आले की पांघरूण काढावे. वाफ्यांना दुपारीच पाणी द्यावे; ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठविते.

इतके करूनही एखादे झाड जाते. तरी ते लगेच उपटू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर फाल्गुनापर्यंत थांबावे, नवी पालवी फुटण्याचा संभव असतो. आणि तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या मार्गशीर्षातच पुडीत बांधून ठेवाव्यात. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या चुरून मातीत टाकल्या, की वृंदावन पुन्हा हिरवे होते. जुनी तुळस गेल्याची हळहळ राहतेच. पण अंगण ओके राहत नाही.